अमेरिकेतील फेडरल धोरण कमी उत्पन्नाच्या घरात कसे पोहोचते

आपण समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहात. आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेत फेडरल सरकारचे, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचे, धोरण बदलते तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांच्या, त्यांच्या आईवडिलांच्या आणि हातावर पोट असणाऱ्या कामगारांच्या जगण्यात नेमके काय बदलते, आणि जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याचा परिणाम ओळखायचा तर पाहायचे कुठे. गेली एकोणीस वर्षे मी न्यू जर्सीमधील एका मदत केंद्रात काम करते. अन्नसाहाय्याचे आणि आरोग्यविम्याचे अर्ज भरून देणे, नूतनीकरणाची पत्रे समजावून सांगणे, नकार आला तर अपील लिहिणे आणि करविवरणपत्रांच्या हंगामात गरजूंची विवरणपत्रे विनामूल्य भरणे, हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे माझे उत्तर अर्थशास्त्रज्ञाचे नाही. टेबलाच्या एका बाजूला बसून जे पाहिले त्याचे आहे.

या वर्षांत मला एक गोष्ट पक्की समजली आहे. कायद्यात किती रक्कम लिहिली आहे याला महत्त्व आहेच, पण ती रक्कम घरात किती वेळा येते, कोणत्या तारखेला येते आणि त्यासाठी किती कागद द्यावे लागतात, यावर कुटुंबाचे भले-बुरे तितकेच अवलंबून असते. ज्यांना आपण कपात म्हणतो त्यांपैकी पुष्कळशा कपाती घरात कपात म्हणून येतच नाहीत. त्या एका पाकिटातून येतात. पाकिटात एक फॉर्म असतो, फॉर्मच्या खाली एक तारीख असते आणि ती तारीख उलटली की पात्र असलेला माणूसही यादीबाहेर जातो.

यंत्रणा थोडी समजून घेतली तर पुढचे सारे स्पष्ट होईल. कायदा वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, करते. स्नॅप, म्हणजे पूर्वी ज्याला फूड स्टॅम्प म्हणत ते अन्नसाहाय्य, कृषी खात्याकडे आहे. कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्यविमा म्हणजे मेडिकेड १९६५ पासून आणि मुलांसाठीची त्याची जोडयोजना चिप १९९७ पासून आहे. या दोन्ही आरोग्य खात्याकडे आहेत. करसवलती आयआरएस, म्हणजे फेडरल करखाते, याच्याकडे आहेत. स्नॅप आणि मेडिकेड यांचे अर्ज मात्र राज्य किंवा काउंटी, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग, घेते. न्यू जर्सीत मेडिकेडचे नाव न्यू जर्सी फॅमिलीकेअर असे आहे आणि स्नॅपचे पैसे ज्या कार्डावर येतात त्यावर फॅमिलीज फर्स्ट असे छापलेले असते. आपल्याला मिळणारी मदत फेडरल आहे हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. नियम वॉशिंग्टनमध्ये बदलतो आणि राग मात्र काउंटीच्या खिडकीमागे बसलेल्या बाईवर निघतो. २०२५ मध्ये स्नॅपवर देशातील चार कोटींहून अधिक माणसे विसंबून होती, मेडिकेड आणि चिप मिळून सात कोटींहून अधिक, आणि त्या सात कोटींत जवळपास निम्मी मुले होती.

धोरणाने काय साधता येते हे सर्वांत स्वच्छ दिसले ते २०२१ मध्ये. चाइल्ड टॅक्स क्रेडिट ही मुलांमागे मिळणारी करसवलत १९९७ च्या कायद्याने आली. २०१७ च्या करकायद्यापासून ती मुलामागे २,००० डॉलर होती. मार्च २०२१ मध्ये तिच्यात एका वर्षापुरते तीन बदल झाले. रक्कम सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलासाठी ३,००० डॉलर झाली. आईवडिलांची कमाई अगदी कमी असो वा शून्य असो, पूर्ण रक्कम देय झाली. आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर अशी सहा महिने, दर महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास, थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. बहुतेकांना त्यासाठी नवा अर्ज करावा लागला नाही. आयआरएसने आधीच्या विवरणपत्रावरून पैसे पाठवले. सुमारे सहा कोटी मुलांच्या घरी ते पोहोचले.

त्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या एका बाईचे उदाहरण सांगते. ती वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. आंघोळ घालणे, औषधे देणे, खाऊ घालणे हे तिचे काम. तेव्हा तिची मुले नऊ आणि बारा वर्षांची होती, म्हणजे तिला महिन्याला ५०० डॉलर येत. तिच्याजवळ हिशेबाची एक लहान निळी वही होती. एरवी त्या वहीत शेवटच्या आठवड्यात शेजारणीकडून घेतलेल्या उसन्या पैशांच्या नोंदी असत, वीस डॉलर, तीस डॉलर, आणि पुढे परतफेडीची खूण. ऑगस्ट ते डिसेंबर या महिन्यांच्या पानांवर १५ तारखेभोवती वर्तुळ होते आणि उसनवारीची एकही नोंद नव्हती. गाडीच्या विम्याचा हप्ता वेळेवर गेला होता, थंडी सुरू होण्याआधीच मुलांचे बूट घेतले होते. १५ जानेवारी २०२२ ला सकाळी तिने मला फोन करून विचारले की या वेळी पैसे यायला उशीर झाला आहे का. कायद्याची मुदत संपली होती, सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ती वाढवण्यासाठी पुरेशी मते नव्हती, आणि हे तिला सांगण्याचे काम माझ्याकडे आले होते. मुदतवाढीला विरोध करणाऱ्यांची चिंता खर्चाची होती, तशीच काम न करणाऱ्यालाही पूर्ण रक्कम मिळू नये, ही होती. ती मी समजू शकते, पण माझ्या टेबलासमोर त्या सहा महिन्यांत कोणी काम सोडल्याचे मी पाहिले नाही.

आकडे तेच सांगतात, पण ते कोणत्या मापाने घेतले हे आपण विद्यार्थी म्हणून जरूर पाहावे. अमेरिकेत दारिद्र्य मोजण्याची दोन मापे आहेत. जुने अधिकृत माप केवळ रोख उत्पन्न पाहते. करसवलती आणि स्नॅप त्यात धरतच नाहीत. पूरक माप या गोष्टी धरते आणि कर व औषधोपचारासारखे खर्च वजा करते. पूरक मापाने मुलांमधील दारिद्र्य २०२० मध्ये ९.७ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर, म्हणजे या मापाच्या नोंदींतील नीचांकावर आले, आणि २०२२ मध्ये एकदम १२.४ टक्के झाले. अधिकृत मापाने मात्र २०२१ मध्ये १५.३ आणि २०२२ मध्ये १५.० टक्के, म्हणजे जणू परिस्थिती किंचित सुधारलीच. एकाच देशातील, एकाच वर्षातील मुलांबद्दलची ही दोन विधाने आहेत. म्हणून कोणी या धोरणांनी फरक पडला नाही असे आकड्यांनिशी सांगितले, तर आधी त्याचे माप कोणते ते विचारावे.

आता २०२५ च्या कायद्याकडे येऊ. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या या कायद्याने मुलामागची सवलत २,००० वरून २,२०० डॉलर केली, आणि ती वाढ कुटुंबांसाठीची मोठी गोष्ट म्हणून सांगितली गेली. माझ्या टेबलावरचा हिशेब मांडून दाखवते. सतरा वर्षांखालील दोन मुलांची एकटी आई धरा, वर्षाची कमाई १५,००० डॉलर. तिला प्राप्तिकर द्यावाच लागत नाही, त्यामुळे सवलत वजा करायला काही उरत नाही. तिच्या हातात येतो तो परताव्याचा भाग, आणि तो २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्के इतकाच असतो. १५,००० मधून २,५०० वजा केले की १२,५०० उरतात. त्याचे १५ टक्के म्हणजे १,८७५ डॉलर, दोन्ही मुले मिळून. जुन्या कायद्यानेही तिला १,८७५ च मिळत होते. वाढीतला एक डॉलरही तिच्या घरी जात नाही, आणि चांगल्या पगाराच्या जोडप्याला दोन मुलांचे पूर्ण ४,४०० मिळतात. न्याय्य भाग असा की या आईला अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट ही कमावत्यांसाठीची १९७५ पासूनची दुसरी सवलतही मिळते, आणि या कमाईवर ती जवळपास ६,००० डॉलर होते. ते पैसे नसते तर अशी हजारो घरे केव्हाच कोलमडली असती. पण ती रक्कम वर्षातून एकदा येते, आणि अशा परताव्यांना फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखून ठेवण्याचा कायदाच असल्यामुळे ती बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस हातात पडते. तोवर घरमालक थांबत नाही. आलेली रक्कम मागचे थकलेले फेडण्यातच पहिल्या आठवड्यात निम्मी होते.

आरोग्यविम्याची गोष्ट अधिक सविस्तर सांगायला हवी, कारण धोरणाची कागदी बाजू तिथे सर्वांत उघडी पडली. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात काँग्रेसने राज्यांना जादा निधी दिला आणि अट घातली की मेडिकेडवरून कोणालाही काढायचे नाही. तीन वर्षे नूतनीकरणाची पत्रे थांबली. ही तरतूद ३१ मार्च २०२३ ला संपली आणि राज्यांनी पुन्हा सर्वांची पात्रता तपासायला घेतली. पुढच्या वर्षभरात अडीच कोटींहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोकांचा विमा उत्पन्न जास्त आढळले म्हणून गेलेला नाही. फॉर्म परत आला नाही, पत्ता जुना होता, एखादा कागद कमी पडला, अशा कारणांनी गेला. सरकारी भाषेत याला प्रक्रियात्मक कारण म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचे तर माणूस हरला नाही, टपाल हरले.

त्या काळात एक कुटुंब आले होते. वडील गोदामात कामाला, त्यांना जादा तास मिळू लागले होते, आणि आईला वाटले की आता आपण उत्पन्नाच्या मर्यादेत बसत नाही, मग फॉर्म कशाला भरायचा. मोठ्यांबद्दल तिचा अंदाज बरोबर होता. न्यू जर्सीत प्रौढांसाठी मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के आहे. पण मुलांसाठी ती ३५५ टक्के आहे. दारिद्र्यरेषा तीन माणसांसाठी २०२५ मध्ये २६,६५० डॉलर होती, यावरून दोन मर्यादांमधले अंतर ध्यानात येईल. फॉर्म न गेल्याने मोठ्यांबरोबर तिन्ही मुलांचाही विमा बंद झाला, आणि ते कळले औषधाच्या दुकानात. मधल्या मुलीला दमा आहे. इनहेलर घ्यायला गेलेल्या आईला काउंटरवर सांगितले की विमा चालत नाही, पूर्ण किंमत द्यावी लागेल. ती रिकाम्या हातांनी परत आली आणि न फोडलेली चार पाकिटे घेऊन माझ्याकडे आली. आम्ही तेवीस दिवसांत मुलांचा विमा परत मिळवला. त्या तेवीस दिवसांत मुलीला एकदा रात्री तातडीच्या विभागात न्यावे लागले.

ही केवळ एका आईची गैरसमजूत नव्हती. त्याच वर्षी फेडरल यंत्रणेच्या लक्षात आले की अनेक राज्यांच्या संगणकप्रणाली स्वयंचलित नूतनीकरण करताना प्रत्येक माणसाची पात्रता वेगळी न तपासता संपूर्ण घराची एकत्र तपासत होत्या. एका माणसाची माहिती अपुरी असली की घरातील सर्वांनाच, मुलांनाही, फॉर्म जाई आणि तो आला नाही की सर्वांचे नाव कटे. एकोणतीस राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांत ही चूक आढळली आणि सुमारे पाच लाख लोकांचा विमा पूर्ववत करण्यात आला. त्यात मुले मोठ्या संख्येने होती. नवा कायदा झाला नव्हता, कोणी मुलांविरुद्ध मत दिले नव्हते. प्रणालीतील एका तपासणीचा क्रम चुकला होता. पुढे १ जानेवारी २०२४ पासून मुलांना एकदा पात्र ठरल्यावर बारा महिने विम्यावर ठेवणे राज्यांना बंधनकारक झाले, आणि माझ्या मते त्या दशकातील हा सर्वांत शहाणा छोटा बदल आहे.

म्हणूनच कामाच्या अटीबद्दल मला काळजी वाटते. २०२५ च्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांनी, मेडिकेडच्या २०१४ पासूनच्या विस्तारात आलेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांसाठी महिन्याला ८० तासांचे काम, शिक्षण किंवा समाजसेवा यांची अट लागू करायची आहे, आणि त्यांची पात्रता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासायची आहे. तेरा वर्षांपर्यंतचे मूल असलेले आईवडील, आजारी आणि इतर काही गट यांना सूट आहे. काम करू शकणाऱ्याकडून कामाची अपेक्षा ठेवणे यात गैर काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. याचे उत्तर आर्कान्सा राज्याने देऊन ठेवले आहे. तिथे जून २०१८ पासून अशी अट लावली गेली. तासांची नोंद आरंभी संकेतस्थळावरच करावी लागे आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे, म्हणजे कामावरून रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला ते उघडे सापडतच नसे. काही महिन्यांतच सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. नंतरच्या अभ्यासात दिसले की अट ज्यांना लागू होती त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते, आणि अटीमुळे रोजगार वाढला नाही.

स्नॅपमध्ये कामाची अट जुनीच आहे: महिन्याला ८० तास नसतील तर तीन वर्षांत तीनच महिने मदत. २०२३ च्या कायद्याने तिची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने ५४ पर्यंत नेली होती. नव्या कायद्याने ती ६४ पर्यंत नेली, बेघर, माजी सैनिक आणि फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने सोय केलेल्या पालक-कुटुंबांतून, बाहेर पडलेले तरुण यांना २०२३ मध्येच दिलेली सूट काढली, आणि ज्या घरात चौदा वर्षांखालील मूल नाही अशा आईवडिलांनाही अटीत आणले. पूर्वी ही रेषा अठरा वर्षांची होती. यावर असे म्हटले जाते की मुलाचा वाटा तर कायमच राहतो, जातो तो फक्त मोठ्याचा. कागदावर हे खरे आहे. पण घरात शिजवायचे पातेले एकच असते, आणि आईचा वाटा गेला म्हणजे त्या पातेल्यात प्रत्येकासाठीच कमी पडते. पंधरा वर्षांच्या मुलाची भूक तर आपण सर्व जाणतो.

याच कायद्यातील एक भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही, पण त्याचा परिणाम दूरचा आहे. १९६४ पासून स्नॅपच्या मदतीची सारी रक्कम फेडरल सरकार देत आले आणि कारभाराचा खर्च अनेक दशके राज्याबरोबर निम्मा-निम्मा वाटला जाई. ऑक्टोबर २०२६ पासून कारभाराच्या खर्चातील राज्यांचा वाटा ७५ टक्के होतो, आणि ऑक्टोबर २०२७ पासून ज्या राज्याचे चुकांचे प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल त्याला मदतीच्या रकमेतही ५ ते १५ टक्के भार उचलावा लागतो. ही चूक म्हणजे लबाडी नव्हे. जास्त दिलेली रक्कम आणि कमी दिलेली रक्कम, दोन्ही तीत मोजतात, आणि बऱ्याचदा ती दर आठवड्याला बदलणाऱ्या पगारामुळे होते. आता राज्याच्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चूक झाली तर कोट्यवधींचा भुर्दंड, आणि चूक टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे आणखी एक पगारचिठ्ठी मागणे, आणखी एक दाखला मागणे, शंका असेल तर थांबवणे. कर्मचारी मात्र वाढणार नाहीत, कारण त्यांच्या पगाराचा मोठा वाटाही राज्याच्याच माथी आला आहे. काउंटीला हेलपाटे घालण्यासाठी बिनपगारी रजा घ्यावी लागणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

एक योजना हलली की तिला टेकलेल्या दुसऱ्याही हलतात. स्नॅपवर असलेल्या मुलाला शाळेत मोफत जेवणासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. यादी आपोआप जुळवली जाते. अशा आपोआप जुळलेल्या मुलांचे प्रमाण शाळेत २५ टक्के असेल तर संपूर्ण शाळेलाच मोफत जेवण देता येते. ऑक्टोबर २०२३ पूर्वी ही मर्यादा ४० टक्के होती. स्नॅपवरून कुटुंबे कमी झाली की शाळेचे प्रमाण घसरते, सरकारी परतफेड घटते, आणि ज्या मुलाच्या घरी स्नॅप कधीच नव्हते त्याचेही मोफत जेवण धोक्यात येते.

कामगारांविषयी बोलताना पहिला आकडा ७.२५ डॉलर हा घ्यावा. तासाचे फेडरल किमान वेतन २४ जुलै २००९ पासून तिथेच आहे. १९३८ मध्ये हा कायदा झाल्यापासून इतका काळ ते कधी थिजले नव्हते. बक्षिशीवर चालणाऱ्या वाढप्यांसाठी मालकाने द्यायचे रोख किमान वेतन २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासूनचे आहे. न्यू जर्सीने स्वतःचे किमान वेतन २०२५ मध्ये १५.४९ वर नेले. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की त्याच कामाचा कायदेशीर तळ पुन्हा ७.२५. नव्या कायद्याने बक्षिशीवर प्राप्तिकरातून वजावट दिली आहे, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत आणि २०२८ पर्यंत. ज्या वाढपी बाईची कमाई इतकी कमी आहे की तिला प्राप्तिकर लागतच नाही, तिला या वजावटीतून काही मिळत नाही. सामाजिक सुरक्षेसाठी आणि मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून कापला जाणारा कर बक्षिशीवर पूर्वीप्रमाणेच कापला जातो. सवलतीची घोषणा ऐकून हुरळून आलेल्या दोघींना मी हे विवरणपत्र भरताना समजावले आहे, आणि ते सांगणे सोपे नव्हते.

अमेरिकेतील मराठी वाचकांपैकी बरेचजण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, आणि त्यांच्यापैकी सर्वच सुस्थितीत नाहीत. न्यू जर्सीतील एडिसनच्या आसपास किराणा दुकानांत, मोटेलांत आणि पेट्रोल पंपांवर काम करणारी मराठी माणसे मला भेटतात, नवऱ्याचे काम सुटल्यावर लहान बाळासह अडकलेल्या बायका भेटतात. त्यांच्या मनातली भीती एकच असते: सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल. १९९६ च्या कायद्यापासून प्रौढ ग्रीन कार्डधारकांना बहुतेक फेडरल मदतीसाठी पाच वर्षे थांबावे लागते, हे खरे आहे. पण इथे जन्मलेले मूल नागरिक असते आणि त्याचा हक्क त्याच्या स्वतःचा असतो. सरकारवर भार होईल का हे ठरवणारा नियम २०१९ मध्ये कडक केला गेला, २०२१ मध्ये मागे घेतला गेला, आणि डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने स्नॅप, सर्वसाधारण मेडिकेड आणि मुलांनी घेतलेली मदत आईवडिलांच्या विरोधात धरू नये असे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियमही रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. नियम इतक्या वेळा उलटसुलट झाल्यावर लोक नियम वाचत नाहीत, ऐकीव गोष्टींवर चालतात, आणि बाळाचे नाव विम्यातून आपणहून काढून टाकतात. असे करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. एक दिलासा: चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी आता मुलाबरोबर आईवडिलांकडेही सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो, पण संयुक्त विवरणपत्रात दोघांपैकी एकाकडे असला तरी चालतो. एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, व्हिसावरील पत्नीकडे तो क्रमांक नाही म्हणून मुलाची सवलत सोडून देण्याचे कारण नाही.

परिणाम पाहायचा कुठे, हा आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग. लाभार्थींची संख्या घटली एवढे पाहून थांबू नका; किती जण उत्पन्न वाढल्यामुळे गेले आणि किती जण कागदाअभावी, ही फोड मागा. मोजण्याची साधने शाबूत आहेत का तेही पाहा. कृषी खात्याच्या वार्षिक पाहणीनुसार पुरेशा अन्नाची खात्री नसलेली घरे २०२१ मध्ये १०.२ टक्के, २०२२ मध्ये १२.८ टक्के आणि २०२३ मध्ये १३.५ टक्के होती. तीस वर्षे चाललेला हा अहवाल २०२४ नंतरच्या वर्षांसाठी काढणार नसल्याचे त्या खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, म्हणजे कपातीचा परिणाम जेव्हा दिसायला लागेल नेमके तेव्हाच्या भुकेचे हे माप आपल्याकडे नसेल. शिवाय तारखा पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थसंकल्पाच्या वादातून फेडरल कामकाज ४३ दिवस बंद राहिले तेव्हा १ नोव्हेंबरला कार्डांवर स्नॅपची रक्कम जमा झाली नाही. पुढे न्यायालयांचे आदेश झाले, १२ नोव्हेंबरला बंद मिटला, रकमा आल्या. वार्षिक आकडेवारीत त्या दिवसांचा मागमूसही राहणार नाही. आमच्या केंद्रासमोर मात्र सकाळी साडेसहापासून बाळगाड्यांसह रांग लागली होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे बाळांचे दूध संपले होते.

निळ्या वहीवाल्या बाईचा धाकटा मुलगा आता चौदा वर्षांचा झाला आहे, म्हणून स्नॅपची कामाची अट तिला लागू झाली आहे आणि २०२७ पासून मेडिकेडचीही होईल. तिचे काम आठवड्याला सरासरी अठरा-एकोणीस तास, म्हणजे महिन्याला ऐंशीच्या अगदी कडेला. ज्या आजोबांकडे ती जाते ते रुग्णालयात दाखल झाले की तिचे तासही थांबतात, आणि ते तिच्या हातात नसते. आम्ही तिला नियमातली एक बाजू समजावून दिली: स्नॅपसाठी तास मोजण्याऐवजी कमाईही धरता येते, आठवड्याला ३० तासांच्या फेडरल किमान वेतनाइतकी, म्हणजे २१७.५० डॉलर, आणि मेडिकेडसाठी महिन्याला ५८० डॉलर. न्यू जर्सीच्या दराने आठवड्याची तेवढी कमाई पंधरा तासांच्या आतच होते; पेनसिल्व्हेनियातील किमान वेतनावरच्या तिच्या बहिणीला त्यासाठी पूर्ण तीस तास राबावे लागते. मात्र हे आपोआप कोणी धरणार नाही, पगारचिठ्ठ्या दाखवाव्या लागतील. गेल्या महिन्यापासून तिने त्या वहीत प्रत्येक आठवड्याच्या पानावर पगारचिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली आहे, आणि खाली तारीख, तास आणि रक्कम लिहून आजोबांच्या मुलीची सही घेते.